नागपूर ते रामटेक-नगरधन सायकलने: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रामटेकला सायकलने निघालेल्यांचं गाडं जाताना सहसा अडत नाही. अडतं ते परतताना, कन्हान ते कामठीच्या मध्ये, साडेबारा-एकच्या उन्हात. बाटली रिकामी, पाय जड, आणि सोबतचे दोघं पुढे निघून गेलेले. सकाळच्या गार हवेत महामार्गावर ताशी तीसने पळून झालेलं असतं, पायथ्याशी समोसे झालेले असतात, गडावर फोटोत तासभर गेलेला असतो. नगरधनचा भुईकोट किल्ला बघायचा तर राहूनच गेलेला असतो. पाय कमी पडले असं वाटतं, पण बहुतेक वेळा आखणी चुकलेली असते.

नागपूरकडे राइड किलोमीटरने आखू नये, उन्हाने आखावी. कोणता भाग किती वाजायच्या आत संपला पाहिजे ते आधी ठरवा, मग अंतर त्यात बसवा. खालचा सगळा क्रम याच हिशोबाने लावला आहे. मार्ग असा: नागपूर, कामठी, कन्हान, मनसर, रामटेक गड, नगरधन आणि त्याच वाटेने परत. शहरात कुठून निघता त्यावर एकूण अंतर ११५ ते १२५ किलोमीटर भरतं.

## १. महिना आणि वार

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हा मार्ग पूर्ण करता येतो. मार्च उजाडला की दुपार हातची जाते, तेव्हा नगरधन वगळा. एप्रिल-मेमध्ये हा मार्ग नकोच. पारा ४३-४५ ला टेकतो आणि महामार्गावर सावली शोधून सापडत नाही. पावसाळ्यात हिरवळ देखणी असते हे खरं, पण गडाच्या रस्त्यावर ओला पाला आणि शेवाळ असतं. चढ निभतो, उतार निभत नाही.

रविवारी सकाळी शहरातली गर्दी कमी असते, पण दहानंतर खिंडसी तलाव आणि गडाकडे सहलीच्या गाड्यांची रांग लागते. शनिवार मिळाला तर शनिवार बरा. रामनवमी आणि कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा टाळा. त्या दिवशी गडाचा रस्ता यात्रेकरूंचा असतो, त्यात सायकल घालू नये.

तपासा: पंचांगही बघा, हवामानही. डिसेंबर-जानेवारीत कन्हान नदीच्या आसपास पहाटे धुकं दाटतं. शंभर पावलांपलीकडचं दिसत नसेल तर निघायची वेळ पुढे ढकला.

## २. पाय तयार आहेत का?

दोन चाचण्या द्या. दोन्ही जमल्या तरच रामटेक.

पहिली चाचणी सेमिनरी हिल्सची. फुटाळ्याच्या बाजूने वर चढा, फिरून खाली या, पुन्हा चढा. सलग सहा फेऱ्या, मध्ये पाय न टेकता. चढ छोटाच आहे, पण गिअर केव्हा बदलायचा हे तिथेच अंगवळणी पडतं. सकाळी तिथे फिरायला येणारे काका-काकू रस्ताभर पसरलेले असतात, म्हणून उतारावर वेग बांधून ठेवा.

दुसरी चाचणी काटोल रोडने: फेटरी, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या आसपास. धापेवाड्याला चंद्रभागेकाठी विठ्ठलाचं देऊळ आहे, आदाशाला टेकडीवर गणपती. सपाट रस्त्यावर तास-दोन तास घालवल्यानंतर अचानक टेकडी चढताना कसं वाटतं ते आदाशाला कळतं, आणि रामटेकला नेमकं हेच होणार आहे. जुनापाणीची शिळावर्तुळं काटोल रोडलगतच आहेत, ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. चाचणीच्या दिवशी थांबे वाढवले की चाचणीला अर्थ उरत नाही. अंगारकीला आदाशाकडे जाऊ नका.

सावनेरमार्गे गोल फिरून येण्याचा मोह होतो. अंतर थोडंच वाढतं, पण त्या रस्त्यावर अवजड वाहनं फार. मला तो सौदा पटत नाही.

तपासा: आदाशाहून घरी आल्यावर संध्याकाळी जिना नीट चढता येतोय का? दुसऱ्या दिवशी मान, मनगट किंवा गुडघा दुखतोय का? दुखत असेल तर सीटची उंची किंवा हँडलचं अंतर चुकलं आहे. ते आधी दुकानात दुरुस्त करून घ्या. ‘सवय होईल’ म्हणत १२० किलोमीटर काढू नका.

## ३. सायकल, तीन दिवस आधी

आदल्या रात्री सायकल उघडून बसणं ही सर्रास होणारी चूक. काही बिघडलेलं सापडलं तर तेव्हा दुकानं बंद असतात.

टायर २८ मिलिमीटरचं किंवा त्याहून रुंद असावं. २३ च्या टायरवर महामार्ग छान जातो, पण नगरधनच्या रस्त्याला हात सुन्न होतात. हवा ठासून भरू नका. साधारण सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय पुष्कळ झाली.

गिअरच्या बाबतीत अभिमान बाजूला ठेवा. पुढे ३४ दातांचं लहान चक्र आणि मागे ३२ किंवा ३४ दातांचं मोठं असेल तर गड बसून चढता येतो. मागे २५ किंवा २८ च असेल तर चढता येणार नाही असं नाही, पण नंतर परतीचे पन्नास किलोमीटर बाकी असतात.

ब्रेक पॅड बघा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर दाबणारा, असेल तर पॅडवरच्या खाचा दिसल्या पाहिजेत, पुसल्या गेल्या असतील तर बदला. चेन धुऊन, पुसून, तेल लावून पुन्हा पुसा. वरून ओलं तेल राहिलं की मनसरपर्यंत त्यावर धुळीचा लेप बसतो.

सायकलसोबत एवढं हवंच:

- दोन नव्या ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्युशन
- हातपंप, गॅसचं सिलिंडर असलं तरी पंप लागतोच
- अॅलन चाव्यांचा संच आणि चेनची एक सुटी कडी
- प्रेस्टा (रोड सायकलच्या पातळ) वॉल्व्हवर बसणारं छोटं पितळी अॅडाप्टर
- मागे लुकलुकणारा लाल दिवा, पुढे पांढरा

अॅडाप्टरची किंमत चहाच्या दोन कपांएवढी आणि वजन नसल्यात जमा, तरी दहातले आठ जण ते विसरतात. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, माणूसही मदतीला तयार असतो, पण त्याची नळी रोड सायकलच्या पातळ वॉल्व्हवर बसत नाही. हे पितळी बोंडूक खिशात असेल तर गावोगावची प्रत्येक टपरी तुमचं सर्व्हिस सेंटर होते.

## ४. मार्ग फोनमध्ये, पण डोक्यातही

नकाशाच्या अॅपला ‘सर्वांत जवळचा रस्ता’ विचारलात तर ते पांदणीत नेऊन घालतं. पांदण म्हणजे शेतांमधली बैलबंडीची वाट. काळ्या मातीत पाऊस पडून गेला असेल तर चिखल चाक आणि फ्रेमच्या मध्ये घट्ट बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून मार्ग स्वतः आखा, उपग्रहाच्या चित्रावर डांबर आहे का ते बघा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

तीन वळणं पाठ करा. पहिलं, कामठी-कन्हान ओलांडून महामार्गाने मनसर. दुसरं, मनसरला उजवीकडे रामटेक. इथे चुकून सरळ गेलात तर देवलापारचा रस्ता लागतो आणि पुढे पेंचचं जंगल. तिसरं, रामटेक गावातून दक्षिणेला नगरधन, सहा-सात किलोमीटर.

वाट विचारताना ‘किती दूर?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘हे काय, इथंच आहे.’ त्याऐवजी विचारा, ‘भाऊ, हा रस्ता नगरधनले जाते का? डांबरी आहे ना पूर्ण?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

सावधान: समृद्धी महामार्ग सायकलसाठी नाही. त्याच्या गुळगुळीत डांबराकडे बघून कोणी ‘एकदा जाऊन बघू’ म्हणालं तर त्याला राइडला नेऊ नका.

## ५. आदली संध्याकाळ

जेवण साधं: वरण-भात, पोळी, भाजी. सावजी नको. तर्रीवर माझं प्रेम आहे, पण आदल्या रात्रीची सावजी सकाळी कामठीच्या आतच हिशोब मागते.

सायकलच्या दोन बाटल्या भरून ठेवा, एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं रिकामं केलं तर तहान वाढते आणि पोट बिघडतं. ते लिटरभर पाण्यात आधी कालवा, मग बाटलीत घ्या.

खाण्याचा हिशोब असा: पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा, किंवा चार-पाच खजूर. भूक लागायची वाट पाहायची नाही. भूक लागली तेव्हा अर्धा तास उशीर झालेला असतो.

कपड्यांत नवीन काही नको. नवी पॅडची शॉर्ट, नवी सीट, नवे बूट, यातलं काहीही पहिल्यांदा या दिवशी वापरायचं नाही. पॅडच्या शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालू नका. शिवण मांडीला घासते आणि गडाआधीच कातडी सोलते. थंडीत पातळ जॅकेट चालेल, पण गुंडाळून पाठीच्या खिशात मावलं पाहिजे, कारण आठनंतर ते नकोसं होतं.

घरी एकाला मार्ग आणि परतीची वेळ लिहून द्या. फोनवर लोकेशन चालू असलं तरी द्या.

## ६. नागपूर ते कन्हान

जानेवारीत सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो. तुम्ही सहाला शहर सोडायला लागा. दिवे लावून, इंदोरा आणि ऑटोमोटिव्ह चौकातून कामठी रोडने. या भागात वेग हा विषयच नाही. शेजारच्याशी अख्खं वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तुम्ही परतीचे पाय आत्ताच खर्च करताय.

एकामागे एक चाला. दोघं शेजारी चालत गप्पा मारणं नगरधनच्या रस्त्यावर एकवेळ खपेल, कामठी रोडवर नाही. पुढे असेल त्याने खड्डा दाखवावा, हाताने आणि तोंडानेही. मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसत असते.

कुत्री मागे लागली तर पळवू नका. वेग कमी करा, जोरात ‘हड!’ म्हणा. नाहीच ऐकलं तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला. पळणाऱ्या चाकामागेच ती धावतात, चालणाऱ्या माणसात त्यांना रस नसतो.

कन्हानच्या पुलावर जोडांच्या आडव्या फटी असतात. त्यांवरून सरळ जा, तिरपे नाही. अंग किंचित सीटवरून उचला.

तपासा: कन्हानला पोहोचेपर्यंत पहिली बाटली अर्धी झाली का? थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, आणि ते अकरानंतर वसूल होतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात गेलंच पाहिजे.

## ७. कन्हान ते मनसर

इथून चौपदरी महामार्ग. हा पट्टा सोपा वाटतो, आणि आखणी इथेच बिघडते. रस्ता सरळ, हवा गार, ट्रकच्या मागे मोकळी ओढ मिळते. आपण आज चांगल्या फॉर्मात आहोत असं वाटू लागतं. २२-२३ चा वेग धरा आणि तिथेच राहा. या पट्ट्यात पाच किलोमीटरचा वेग वाढवून दहा मिनिटं वाचतात, गडावर आणि परतीत त्याचा तासभर जातो.

डावीकडच्या कडेच्या पांढऱ्या रेषेच्या आत चाला, पण अगदी काठाला नको. काठावर काच, तार आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या चिंध्या असतात. त्या टायरमधली बारीक तार सायकलच्या टायरमध्ये दिसतही नाही आणि सुटतही नाही. कन्हानच्या पुढे कोळशाच्या खाणी, कांद्री-मनसरला मँगनीजच्या. भरलेले ट्रक खाणफाट्यावरून रस्त्यावर चढतात तेव्हा ड्रायव्हर उजवीकडे बघत असतो, आणि तुम्ही नेमके त्या बाजूने येता, पण त्याच्या नजरेला बारीक. त्याच्याशी नजरानजर झाल्याशिवाय समोरून जाऊ नका.

रस्ता ईशान्येला जातो, त्यामुळे कोवळं ऊन उजव्या डोळ्यावर येतं. मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही. मागचा लाल दिवा उजाडल्यावर बंद करू नका.

मनसरला थांबा, पंधरा मिनिटं. हिडिंबा टेकडीवरचे वाकाटककालीन अवशेष इथेच आहेत, पण आत्ता नाही. चहा घ्या, केळं खा, रिकामी बाटली भरा. बाटलीबंद पाणी नको असेल तर हॉटेलात मागा, नाही म्हणत नाहीत. समोसा, आलूबोंडा परतीला. तेलकट पोटाने चढ चढवत नाही.

## ८. गड

पावणेनऊपर्यंत रामटेक गाठलं तर सगळं वेळेत आहे. मनसर ते रामटेक सहा किलोमीटर, समोर टेकडी दिसत राहते.

आधी नगरधन आणि मग गड, असा क्रम बरेच जण लावतात. सपाट आधी, चढ नंतर. हे उलटं आहे. गडाचा चढ उन्हाच्या आत संपला पाहिजे. नगरधन भुईकोट, तिथे चढ नाही, थोडं ऊन चढलं तरी चालतं.

अंबाळा तलावाकडून पायऱ्यांची वाट आहे, ती पायी जाणाऱ्यांची. तुम्ही गाडीरस्त्याने. चढ लागायच्या आधीच लहान गिअरवर या. चढावर जोर लावलेला असताना गिअर टाकला तर चेन करकरते, कधी उतरते, कधी तुटते. सीटवर बसून राहा, हात सैल, खांदे कानापासून दूर. पाय मिनिटाला सत्तरच्या आसपास फिरत राहिले पाहिजेत. साठच्या खाली जायला लागले की वळणाच्या बाहेरच्या अंगाने जा, तिथे चढ थोडा हलका असतो. पण मागून गाडी नाही हे आधी बघा. नागमोडी चढू नका. उतरून ढकललं तर कोणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या.

सावधान, माकडं: गडावरची माकडं धीट आहेत. हँडलला लावलेली खाऊची पिशवी त्यांना दुकानाच्या पाटीसारखी दिसते. झिप ओढून पिशवी उघडतात, केळं घेतात आणि जाताना चष्माही. वर पोहोचायच्या आधी खाणं पाठीच्या खिशात, जर्सीच्या आत घाला. प्लॅस्टिकची पिशवी हातात खुळखुळवू नका. माकड समोर आलं तर दात दाखवून हसू नका, डोळ्याला डोळा लावू नका, मागे सरा.

वर अर्धा तास, जास्त नाही. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट देवळाच्या गुळगुळीत दगडावर घसरतात, बाहेरच काढा. सायकलपाशी एकाने थांबावं. दर्शन पाळीपाळीने घ्या.

उतार हा या दिवसातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, कारण चढ संपल्याच्या आनंदात लक्ष सुटतं. हात हँडलच्या खालच्या भागात, दोन बोटं ब्रेकवर. वेग वळणाआधी, सायकल सरळ असताना कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर चाक निसटतं. दोन्ही ब्रेक वापरा, आणि सतत दाबून धरू नका: दाबा, सोडा, दाबा. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. समोरून ऑटो वळणाची आतली बाजू धरून वर येतील, येणारच, असं धरूनच चाला.

## ९. नगरधन

गावातून नाश्ता करून निघा. हिवाळ्यात रामटेकला उकडलेले शिंगाडे मिळतात. पोटाला हलके, पिष्टमय, सायकलस्वाराला याहून चांगलं काही नाही. दोन मुठी खिशात टाका.

नगरधनचा रस्ता धानाच्या पट्ट्यातून जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात कापणी-मळणी चालू असते, आणि शेतकऱ्याला डांबरी रस्त्याएवढं चांगलं खळं दुसरं मिळत नाही. त्यामुळे रस्त्यावर धान वाळत असतं, तणस म्हणजे धानाचा पेंढा पसरलेली असते. वाळत घातलेल्या धानावरून सायकल नेऊ नका. दाण्यांवर पुढचं चाक घसरतं आणि ते कोणाच्या तरी घासावरून जाणं असतं. उतरा, कडेने न्या. तणसीवरून जावंच लागलं तर पेडल मारणं थांबवून नुसतं घरंगळत जा. एक काडी मागच्या डिरेलरच्या (चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या भागाच्या) लहान चाकात शिरली की तिच्यामागे मूठभर ओढली जाते, चेन अडकते आणि डिरेलर स्पोकमध्ये ओढला गेला तर राइड तिथेच संपते. करकर ऐकू आली की लगेच थांबा, पेडल उलटं फिरवत काड्या हाताने काढा.

नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मुद्रा मिळाली. आज दिसणारा किल्ला मात्र बराच नंतरचा. किल्ला मोठा नाही, तासभर पुरतो. आत कोटेश्वरी देवीचं देऊळ आहे. सायकली दारापाशी कुलूप लावून ठेवा, जवळच्या घरात सांगून जा. ‘काकू, सायकल पाहा जरा’ एवढं म्हटलं की पुरतं.

तपासा: घड्याळ. नगरधनहून साडेदहाला निघालात तर दुपारी एकच्या सुमारास कामठीच्या अलीकडे असाल. साडेअकरा वाजून गेले असतील तर किल्ला बाहेरून बघा आणि वळा. हा नियम निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा; तिथे पोहोचल्यावर वाद घालायला सगळ्यांनाच सुचतं.

## १०. परतीचा रस्ता

हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा, म्हणजे येताना पाठीशी. पण फेब्रुवारी सरता सरता दुपारचा वारा पश्चिमेकडून यायला लागतो आणि नैऋत्येला जाणाऱ्या तुम्हाला तो तोंडावर लागतो. तेव्हा वेगाचा आकडा बघू नका, धाप बघा. गटात असाल तर दोन-दोन मिनिटांनी पुढचा बदला. पुढून बाजूला होणाऱ्याने आधी उजवीकडे मागे वळून बघावं, मग सरकावं.

थांबे आधीच ठरवा: मनसर, कन्हान, कामठी. सावलीत, सात-आठ मिनिटं. त्याहून जास्त बसलात तर पाय आखडतात. प्रत्येक थांब्यावर डोक्यावर, मानेवर आणि मनगटावर पाणी ओता. आता आलूबोंडा खायला हरकत नाही, लिंबू-सरबत त्याहून बरं.

सगळ्यात हळू माणूस मागे एकटा सुटणार नाही हे बघा. वेगवान मंडळींना हे जड जातं. त्यांना सांगा, गट सर्वांत मंद चाकाच्या वेगाने चालतो, पटत नसेल तर पुढच्या वेळी एकटे या.

## ११. बिघडलं तर

पंक्चर. विदर्भात पंक्चर म्हणजे दहातून सात वेळा बाभळीचा काटा. रस्त्यावरून पूर्ण बाजूला व्हा. मागचं चाक असेल तर चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा, मग चाक काढा. आता घाईने नवी ट्यूब घालायची नाही. आधी जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा, ट्यूब टायरशेजारी वॉल्व्हला वॉल्व्ह लावून धरा, आणि टायरवर नेमकी ती जागा बघा. काट्याचं टोक आत तुटून राहिलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. रुमालाचा कोपरा टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे धागा अडकला तिथे काटा. बोट फिरवू नका, टोचतं. टोक नखाने किंवा अॅलन चावीच्या कडेने बाहेर ढकला. मग ट्यूबमध्ये चिमूटभर हवा भरून ती आत बसवा, टायरची कड हाताने चढवा, शेवटचा भाग वॉल्व्हसमोर नाही तर वॉल्व्हपाशी आणा. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी बघा, ट्यूब कडेखाली चिमटली आहे का. बहुतेकांचं दुसरं पंक्चर दहा मिनिटांत होतं ते काटा आतच राहिल्यामुळे, किंवा या चिमटीमुळे.

ऊन लागलं. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं ही पहिली खूण. तिथेच थांबा, सावली, ओआरएस, ओला रुमाल. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, किंवा घाम थांबून अंग तापलं तर ‘थोडं पाणी पाजून बघू’ करत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. महामार्गावरच्या अपघातासाठी १०३३, इतर कोणत्याही तातडीला ११२.

पायच संपले. यात लाज नाही. रामटेकहून इतवारीकडे रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या. वेळापत्रक आणि सायकल घेतात का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. नाहीतर रामटेक-मनसर-कन्हानला छोटा हत्ती मिळतो. भाडं आधी ठरवा, चेन असलेली बाजू वर ठेवून सायकल आडवी घाला आणि खाली पोतं अंथरायला सांगा.

## १२. घरी आल्यावर

आंघोळीच्या आधी दोन कामं. तासाभरात भरपेट जेवण, त्यात वरण किंवा दही हवंच. आणि टायर: चाक हाताने सावकाश फिरवत बाहेरून बघा, रुतलेले काटे आणि काचेचे कण काढून टाका. आज आत न गेलेला काटा पुढच्या रविवारी फेटरीच्या रस्त्यावर आत जातो. डिरेलरच्या चाकात अडकलेली तणस काढा, चेन कोरड्या फडक्याने पुसा. तेल दुसऱ्या दिवशी.

पुढचे दोन दिवस सायकलला हात नको. तिसऱ्या दिवशी फुटाळ्याभोवती हलकी चक्कर मारा, गुडघा काही बोलतोय का ते तेव्हा कळेल.